बावीस पेले पितळी, एक गिलास काचेचा

१

बलभीम आखाड्याच्या काचेच्या कपाटात त्या दिवशी सारं काही जागच्या जागी होतं. लाल मखमल होती. मखमलीवर वर्षानुवर्षं गदा ठेवून पडलेला खळगा होता. खळग्यात पाच-सात मुंग्या फिरत होत्या. खाली तांबड्या अक्षरांची पाटी होती : ‘चांदीची गदा. अकोल्याच्या मल्लास चीत करून जिंकली. सन १९३८. हात लावू नये.’

गदा तेवढी नव्हती.

“गेली!” आखाड्याचे सेक्रेटरी गुलाबराव किंचाळले. “अर्ध्या घंट्यापूर्वी म्या सोता पुसून ठेवली होती. अकोलेवाल्यांनी मारली!”

आम्ही बावीस अकोलेकर एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. त्या बावीसांतला मी एक. मी गोष्टी वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे आणि ती मी नाकारत नाही. सेमाडोहच्या रस्त्यावर एका वाघाला मी चिमूटभर तंबाखू दिली होती, हे लोक मानत नाहीत, न मानोत. पण ही गोष्ट मी एका अक्षरानेही वाढवणार नाही, कारण हिच्यात वाढवायला जागाच नाही.

कपाटाची कडी उपटलेली होती. गुलाबरावांनी तिच्याकडे बोट केलं, मग तेच बोट हळूहळू फिरवत आमच्या वाटाड्यावर आणलं.

“या खोलीत एकटं कोन आलतं? हे मास्तर. देवमन मास्तर.” मग आखाड्यातल्या चार पैलवान पोरांना म्हणाले, “दार लावा रे. एकही मानूस बाहेर जाता कामा नये.”

दार लागलं. चार पैलवान दारापुढे हाताची घडी घालून उभे राहिले. बाहेर आमच्या मोटरवाल्यानं भोंगा वाजवून पाहिला.

२

आता हा देवमन कोण, ते सांगतो.

देवमन तायडे अकोल्याच्या एका शाळेत मास्तर. वय सव्वीस. छप्पन्न साली बापाबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध झालेला आणि घरातला पहिला पगारदार. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. दिवाळीनंतर कागद निघायचा होता. रविवारी लोकांना आजूबाजूची गावं हिंडवून आणायचा त्याला नाद. गळ्यात शिटी, हातात छडी, छडीच्या टोकाला लाल फडकं. फडकं वर गेलं की आम्ही थांबायचं आणि तो सांगेल तिकडे पाहायचं.

“अमरावतीत असं काय हाये जे अकोल्यात नाई?” आमच्या गल्लीतले खुशालराव, साठ एकरांचे धनी, निघताना म्हणाले होते.

“तेच पाहाले जायचं जी,” देवमन म्हणाला.

सकाळी नऊला पोचलो. अंबादेवीच्या देवळापुढे फडकं वर गेलं. “तुमी आत जाऊन या. आत काय हाये ते देवी सांगंल, बाहेर काय हाये ते मी सांगीन,” असं म्हणून तो बाहेरच थांबला. आम्ही आलो तेव्हा पेंढाऱ्यांच्या भीतीनं बांधलेल्या परकोटाची गोष्ट त्यानं अशी रंगवली की माझ्यासारख्या माणसालाही हेवा वाटला. छत्री तलावाच्या काठी भाकरी-ठेचा झाला. आणि तीन वाजता सहलीतलं शेवटचं ठिकाण, बलभीम आखाडा.

हे ठिकाण खास नत्थुजी वस्तादांसाठी होतं. अडतीस साली ‘चीत’ झालेला पाटीवरचा तो अकोल्याचा मल्ल म्हणजे हेच. “माही पाठ टेकलीच नाई,” हे वाक्य अकोल्यात पंचवीस वर्षं प्रत्येक पानठेल्यावर ऐकू येत होतं. आता गुडघे गेले होते, एक कान चपटा झाला होता, पण वाक्य तसंच होतं. देवमननं आखाड्याला पोस्टकार्ड टाकलं : वस्तादांना एकवार ती गदा हातात धरू द्यावी. आखाड्याच्या म्हाताऱ्या अध्यक्षांचं उत्तर आलं, ‘अवश्य धरावी.’ वस्ताद आठ दिवस झोपले नव्हते.

आल्याबरोबर गुलाबरावांनी आम्हाला ओसरीत बसवलं आणि शरबत मागवलं. इथे अमरावतीत सोयरीक असलेल्या आमच्यातल्या एकानं माझ्या मांडीला चिमटा काढला. गुलाबराव म्हणजे पाहुण्याला पाणीसुद्धा ‘अर्धा पेला की पाऊण’ असं विचारून देणारा माणूस. त्यात साखर कंट्रोलची, रेशनवर मोजून मिळणारी. आणि शरबत तर असं की ओठाला ओठ चिकटावा! डोमाजी नावाचा आखाड्याचा गडी पितळी पेले भरभरून आणत होता; एका हातानं पेला द्यायचा, दुसऱ्या हातानं कंबर खाजवायचा. खुशालरावांनी तीन पेले मारले. त्यांच्या झुपकेदार मिशीत काहीतरी लखलखलं. म्हटलं, माणूस म्हातारा होत चालला.

मग देवमनची पाळी आली. त्याच्यासाठी डोमाजीनं वेगळ्या बशीत काचेचा गिलास आणला.

“मास्तर शिकेल मानूस,” गुलाबराव गोड हसत म्हणाले. “त्याहिले काचेचा. खास.”

देवमननं गिलासाकडे पाहिलं. मग आमच्या बावीस जणांच्या हातांतल्या पितळी पेल्यांकडे पाहिलं. आम्ही सारे त्याच वेळी आपापल्या पेल्याच्या तळाशी काहीतरी शोधू लागलो. कुणी काही बोललं नाही. मीही नाही, आणि मी तर बडबड्या.

“तहान नाई,” देवमन म्हणाला. गिलास त्यानं होता तसा, काठोकाठ भरलेला, खिडकीत ठेवला.

“मग आत जाऊन वहीत मंडळीची नावं तरी लिहून टाका,” गुलाबराव म्हणाले. तो आत गेला. पाच-सात मिनिटांत बाहेर आला. त्यानंतर आम्ही सगळे मिळून आत शिरलो, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

३

गुलाबरावांनी टेबलावर दोन कागद ठेवले. दोन्हींवरची शाई ओली होती.

“हा कोतवालीचा. फिर्याद. आन हा तुमचा. ‘माझ्या हातून चूक झाली, गदा परत करतो.’ यावर सही करा, गदा कुठं टाकली ते सांगा, बात इथंच संपली. नाई तं पहिला कागद जाते. मंग नोकरी कायम होते की कायमची जाते, ते तुमचं तुमी पाहा.”

नोकरीचं त्यांना कसं कळलं? शरबताच्या तिसऱ्या पेल्याला खुशालरावांनीच सांगितलं होतं.

आणि तेच खुशालराव आता पुढे झाले. “मास्तर, करून टाक ना बाप्पा सही. मोटरवाला सहाले निघतो म्हंते. उद्या मले पऱ्हाटीत डवरे धरायचे हायेत, कापसात तन मातलं.”

“खुशालरावजी, गदा म्या नेली असं वाटते तुमाले?”

“वाटत नाई रे. पन...”

“तो ‘पन’ तुमच्यापाशीच ठेवा.”

गुलाबराव गरजले, “याची पिशवी पाहा रे!”

“पाहा ना,” देवमन म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. “आंधी तुमची कोठी, मंग या बावीस जनाइच्या पिशव्या, मंग माही. मी वाटाड्या हावो. मोटरीत मी शेवटी चढतो, झडती बी शेवटी देईन. एकट्याची देनार नाई.”

“म्हंजे तुमाले कोतवाली पाहिजे?”

“मले खरं पाहिजे. नोकरी गेली तं मी पऱ्हाटी वेचीन, माह्या मायनं जलमभर वेचली. पन हे,” त्यानं माफीचा कागद उचलला, “हे माह्या सहीनं कोनाच्याच कपाटात राहानार नाई.”

कागदाचे चार तुकडे झाले. त्यानं ते नीट जुळवून गुलाबरावांच्या पुढ्यात ठेवले. मास्तर होता, कचरा करायची सवय नव्हती.

“मंग गदा गेली कुठं?” गुलाबराव म्हणाले.

“तेच पाहू. मंडळीले विचारू द्या, मंग बोलवा कोतवाली.”

दारातल्या पैलवानांपैकी एक म्हणाला, “इचारू द्या ना साहेब. कोतवाली कुठं पळून जाते?” गुलाबरावांना नाही म्हणता आलं नाही.

४

“वस्ताद,” देवमननं नत्थुजींना विचारलं, “शरबत झाल्यावर तुमी उठून गेलते.”

“कुस्तीच्या हौद्यात गेलतो. माती पाहाले.”

“आन गदेवर डोळा याहीचाच होता!” गुलाबराव मध्येच बोलले. “पंचवीस वर्षं बोंबलून राहिले!”

नत्थुजी उठले. गुडघे वाजले ते खोलीभर ऐकू आले. “सेक्रेटरी, मी बोंबलतो ते पाठीसाठी, गदेसाठी नाई. चोरून आनलेली गदा हाती घेतली तं माही पाठ टेकली होती असं मीच कबूल केलं की नाई?”

देवमन पुढच्याकडे वळला. गोदाबाई म्हणजे अकोल्याच्या हलवाई गल्लीतली विधवा म्हातारी. नवऱ्यामागं चाळीस वर्षं भट्टी सांभाळलेली. तीही उठून गेली होती.

“मी सैपाकघराकडं गेलती,” ती म्हणाली. “एवढं गोड शरबत केलं त्या बाईले इचारावं म्हटलं, बाई, साखर आनली कुठून? तं दाराले कुलूप! चुलीले कुलूप लावनारा मी पयल्यांदाच पायला.”

“बाई नाई,” डोमाजी कंबर खाजवत म्हणाला, “शरबत साहेबानं सोता केलं.”

“आंधी कधी केलं होतं?” देवमननं डोमाजीला विचारलं.

“अकरा वर्सांत? नाई जी.”

“वस्ताद गदा हातात घेनार, हे साहेबाले कधी मालूम पडलं?”

“आज सकाळी. अध्यक्ष चिखलदऱ्याले हवा खायाले गेले, जाता जाता मले सांगून गेलते. मी इसरलो. सकाळी सांगतलं तं साहेब मटकन खाली बसले. मंग दार लावून घेतलं, म्हने, डोमाजी, आज शरबत मी करतो.”

“मूर्खा, कामाचं बोल!” गुलाबराव ओरडले. “हे मास्तर इथं एकटे होते, ते बोला!”

“बोलतो. मी आत किती वेळ होतो?”

“पाच-सात मिनटं.”

“तेवढ्या वेळात काय केलं ते वहीत हाये. पाह्यली वही तुमी?”

गुलाबरावांनी वही उघडलीच नव्हती. मी उघडली. बावीस नावं, बापाच्या नावासकट, शाळेच्या फळ्यावर शोभावी अशा अक्षरात. इतकं लिहायला मला अर्धा दिवस लागला असता. त्यात कडी उपटून गदा लपवायची म्हटलं तर तिसरा हात हवा.

नावांच्या खाली ‘अभिप्राय’ म्हणून रकाना होता. त्यातही त्यानं चार ओळी लिहिल्या होत्या. त्या मी वाचल्या आणि वही मिटून काखेत धरली. मला ओसरीतला तो गिलास आठवला, आणि माझी मान खाली गेली.

देवमन मात्र कपाटाकडे बघत होता. मग त्यानं एकदम शिटी फुंकली आणि लाल फडकं वर केलं.

“मंडळी, सहलीतलं एक ठिकान राहून गेलं. चाला. पोरं हो, तुमीबी या.”

५

“पयलं ठिकान,” परकोट दाखवताना होता तसाच आवाज, “बलभीम आखाड्याचं कपाट. लाकूड सागवानी. कडी आजच उपटलेली. पन उपटनारा मोठा काटकसरी दिसते. हे पाहा, चारही इस्क्रू कागदात गुंडाळून कपाटावर ठेवले हायेत. पुन्हा कामी येतीन.”

पैलवान पोरांतलं एक फसकन हसलं. गुलाबरावांनी त्याच्याकडे पाहिलं, तरी ते हसतच राहिलं.

“आता आत पाहा. काय दिसते?”

“मुंग्या,” खुशालराव म्हणाले.

“चांदीच्या गदेखालच्या मखमलीत मुंगीचं काय काम जी?” देवमननं खळग्यात बोट दाबलं. उचलताना ते चिकटून सुटलं. “गोदाबाई, जरा पाहाता?”

गोदाबाईनं बोट फिरवलं आणि बिनधास्त जिभेवर ठेवलं. तिचे डोळे बारीक झाले. “पुढं चाला मास्तर,” ती एवढंच बोलली.

“दुसरं ठिकान. आखाड्याचे डोमाजी. डोमाजी, आमी आल्यापासून काहून खाजवून राहिले?”

“मुंग्या जी. कमरेले डसून राहिल्या. कालच न्हालो तरी.”

“कमरेले काय हाये?” गोदाबाईनं विचारलं.

“करदोडा. जुना तुटला होता. आज शरबत ढवळतानी गंजाच्या तळाशी बरी सुताची दोरी भेटली. खंगाळली आन बांधली. टाकून काहून द्यायची?”

“दाखव.”

“बायामानसात?”

“मी पासष्ट वर्सांची हावो मेल्या, काढ!”

डोमाजीनं पाठ फिरवून करदोडा सोडला. गोदाबाईनं तो दोन बोटांत चोळला, दातांत धरून पाहिला, उजेडाकडे नेला. तिच्या चेहऱ्यावर कारागिराला दुसऱ्या कारागिराचा हात ओळखू आला की येतं ते हसू आलं.

“मधात गाठ, टोकाले फास. दुपेडी होती, यानं उकलून कमरेले पुरवली. मास्तर, हा गाठीचा दोरा.”

होळीला आपण पोरांच्या गळ्यात साखरेच्या गाठीची माळ घालतो ना, तीच ही गाठी. लाकडी साच्यात आधी दोरा ताणायचा, मग वरून पाक ओतायचा. “दोऱ्याबिगर साखर उभी राहात नाई,” गोदाबाई म्हणाली. “पन एवढा जाड दोरा पोराच्या गाठीले कोनी घालत नाई. हातभर लांब, वर कवठाएवढा गोळा, अशी गाठी कोनीतरी पाडली होती.”

हातभर लांब, वर कवठाएवढा गोळा. आम्ही बावीस जणांनी पाटीकडे पाहिलं.

“खोटं!” गुलाबराव म्हणाले. “गदा चांदीची होती. साऱ्या अमरावतीनं पाहिली, चमकत होती!”

“चमकत होतीच,” देवमन म्हणाला. “तिसरं ठिकान ओसरीत हाये.”

६

खिडकीत काचेचा गिलास होता तसाच होता. उन्हं कलली होती आणि तिरपा उजेड सरळ त्यातून जात होता. लिंबाच्या गढूळ पाण्यात बारीक बारीक चांदण्या तरंगत होत्या. काठावर मुंग्यांची रांग लागली होती.

“वर्ख,” गोदाबाई म्हणाली. “बर्फीले लावतो तो. चांदीचा.” मग तिनं पदराचं टोक घेतलं आणि काही न विचारता खुशालरावांची मिशी पुसली. पदरावर चांदी लखलखली. म्हणजे माणूस म्हातारा होत नव्हता. गदा पीत होता.

“खरी गदा केव्हाच गेली,” देवमन म्हणाला. “तिचाच साचा काढून साखरेची पाडली असंल, म्हनून गदेवरची कोरीव अक्षरं बी जशीच्या तशी उठली असतीन. वरून वर्ख. काचेआड, उंचावर, हात लावू नये अशी पाटी. कोन पाहाते? पन भादव्याची दमट हवा लागली, साखर पाझरली, मुंग्या आल्या. त्यात आज वस्ताद हात लावनार. मंग गदा नाहीशी करनं आलं. चोरी झाली म्हटलं की खरी कुठं गेली हेबी कोनी पुसनार नाई. आन अडीच शेर साखर नालीत ओतायचा याहीचा जीव होत नाई. तं फोडून गंजात टाकली, आन ज्याहीच्यावर चोरी घालाची त्याहिलेच पाजली.”

“पुरावा काय?” गुलाबरावांचा आवाज आता फाटला होता. “साऱ्यांनी प्यायलं, पेले धुतले!”

“बावीस पितळी पेले धुतले. पितळीत वर्ख दिसत नाई. काचेत दिसते.” देवमननं गिलास उचलला आणि उन्हात धरला. “मले साऱ्यासारखा पितळी पेला देला असता, तं मीबी प्यालो असतो. पुरावा बी पोटात गेला असता. तुमी मले वेगळा गिलास देला, गुलाबरावजी.”

मोटरचा भोंगा वाजला.

“कोतवालीचा कागद तुमी लिहूनच ठेवला हाये. नाव तेवढं बदलाचं.”

चार पैलवान दारावरून आमच्या मागं ओसरीत आले होते. आता ते गुलाबरावांच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. ज्या पोरांनी लहानपणापासून त्या गदेला नमस्कार करून लंगोट कसले होते, त्यांच्याकडे गुलाबरावांना मान वर करून बघवेना. मान खाली घालूनच त्यांनी कबूल केलं : फाल्गुनात परगावच्या हलवायाकडून साचा काढला, खरी वितळवली, वैशाखात मुलीच्या लग्नात व्याह्यांना चांदीचं ताट दिलं. “परत करून ठेवनारच होतो,” ते म्हणाले. हे वाक्य कुणीही वाढवून सांगितलं नाही तरी मोठंच आहे.

नत्थुजी वस्ताद आपल्या पोटाकडे पाहत होते. “म्हंजे पंचवीस वर्षं जे हातात आलं नाई...” आणि ते इतके हसले की चपटा कान लाल झाला.

देवमन हसला नाही. त्यानं माझ्या काखेतली वही घेतली आणि अभिप्रायाचं पान गुलाबरावांपुढे उघडलं. आता त्या चार ओळी सांगतो :

‘शरबत गोड होते असे मंडळी म्हणतात. पेले बावीस पितळी, गिलास एक काचेचा. काचेचा मी प्यालो नाही. खिडकीत ठेवला आहे. ज्याने दिला त्याने येऊन पाहावा. देवमन तायडे, २५ ऑगस्ट १९६३.’

“हे म्या लिहिलं तवा कपाट माह्या पाठीमागं होतं, चोरीचं मले सपन बी नव्हतं,” तो म्हणाला. “हे गिलासाबद्दल होतं. याच्या खाली लिहा. दोन गोठी. एक गदेची, एक गिलासाची.”

गदेची गोष्ट गुलाबरावांनी भराभर लिहिली, सहीसुद्धा केली. मग टाक अडला.

“चोरी लिहिली ना मास्तर. आनखी काय पाहिजे?”

“गिलास.”

“ती रीत हाये. घरोघरची हाये.”

“मंग लिहाले सोपी हाये.”

मोटरवाला स्वतः दारात येऊन ओरडला, सहा वाजले, मी चाललो. तेव्हा खुशालराव, ज्यांना सकाळी डवरे धरायचे होते, त्यांनी जमिनीवर बैठक मारली. “बोंबलू द्या त्याले. याचं लिहून होऊ द्या.” मग एक एक करून आम्ही सारे बसलो. उशिरा बसलो, शरबताच्या वेळीच उभं राहायला हवं होतं, हे मी माझ्यापुरतं कबूल करतो.

गुलाबरावांनी लिहिलं. एक ओळ लिहायला त्यांना चोरीच्या चौपट वेळ लागला. देवमननं ती वाचली, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली, ती दुरुस्त करून घेतली आणि वही अध्यक्षांसाठी मोठ्या पैलवानाच्या हाती दिली.

“डोमाजी,” तो मग म्हणाला, “आता तहान लागली.”

डोमाजीनं एका हातानं धोतर सावरत दुसऱ्या हातानं पितळी पेला धुतला, पाण्यानं भरला आणि आणला. देवमन उभ्यानं, सावकाश, सारा पेला प्यायला. चार पैलवान, बावीस अकोलेकर आणि एक सेक्रेटरी बघत होते. पेला त्यानं टेबलावर ठेवला, तो आवाज मला अजून आठवतो.

काचेचा गिलास मात्र आम्ही सोडला नाही. नत्थुजी वस्तादांनी तो दोन्ही हातांत धरला आणि मोटरीत खिडकीजवळ ताठ बसले. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. खड्ड्यात आम्ही सारे उसळत होतो, वस्तादांचे हात तेवढे जागचे हलत नव्हते.

“सांडन वस्ताद,” मी म्हटलं. “द्या इकडं.”

“काहून सांडन? जितलेली गदा हाये.” थोड्या वेळानं ते मागं वळून म्हणाले, “मास्तर, तवा माही पाठ टेकली नव्हती.”

“मालूम हाये वस्ताद,” सगळ्यांत शेवटी चढलेला देवमन दारात उभा राहून म्हणाला. “आज तं बिलकुल नाई टेकली.”

अकोल्यात उतरलो तेव्हा गिलास काठोकाठ होता. देवमनच्या नोकरीचा कागद दिवाळीनंतर निघाला, आणि पुढच्या सहलीला आम्ही सदतीस जण होतो. वस्ताद गेले तेव्हा गिलास माझ्याकडे आला. पाणी केव्हाच उडून गेलं आहे. तळाशी नखाएवढा चांदीचा थर राहिला आहे, तो माझ्या खिडकीत सकाळी उन्हात चमकतो. ज्याला ही गोष्ट वाढवलेली वाटते, त्याने येऊन पाहावा.